जवस खाल्लं की रक्त पातळ होतं का? स्टेंट, तेल आणि प्लेटलेटचा हिशेब

प्रश्न आर्वी तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. वडील ६२ वर्षांचे, रक्तदाबही आहे. सात महिन्यांपूर्वी हृदयाच्या धमनीत एक स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला, इकोस्प्रिन ७५ (म्हणजे अ‍ॅस्पिरिन) आणि क्लोपिडोग्रेल ७५ सुरू आहे. गावात कुणीतरी सांगितलं, रोज जवस खा, करडीचं तेल वापरा, रक्त आपोआप पातळ राहतं, मग गोळ्या कशाला? वडिलांनी महिनाभर जवस खाल्लं आणि परवाच्या तपासणीत प्लेटलेट २.३ लाखांवरून १.६ लाखांवर आल्या. आता घरात दोन प्रश्न आहेत. जवसाने प्लेटलेट उतरल्या का? आणि जवस एवढं लागू पडत असेल तर गोळ्या सोडता येतील का?

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण जीव त्यात अडकला आहे. गोळ्या सोडायच्या नाहीत, एक दिवसही नाही. क्लोपिडोग्रेल किती महिने चालवायची ते स्टेंट बसवणारे डॉक्टर ठरवतील. जवस, मासोळी, तेल यांतलं काहीही तिची जागा घेत नाही. का घेत नाही, हे कळलं की बाकीचे प्रश्न बरेचसे आपोआप सुटतात.

सगळा घोळ ‘रक्त पातळ’ या शब्दाचा आहे. दवाखान्यात आम्हीच तो वापरतो, समजावायला सोपा पडतो म्हणून. पण या गोळ्यांनी रक्त वरणासारखं पातळ होत नाही, ते होतं तेवढंच दाट राहतं. बदलतो तो प्लेटलेटचा स्वभाव, म्हणजे एकमेकींना चिकटण्याची त्यांची तयारी.

प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या एका मोठ्या पेशीचे तुटून रक्तात आलेले तुकडे. त्यांना केंद्रक नसतं आणि आयुष्य असतं ८ ते १० दिवसांचं. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर खरवडलं गेलं, की खालचं कोलॅजन उघडं पडतं आणि जवळून जाणाऱ्या प्लेटलेट त्याला चिकटतात. चिकटली की ती प्लेटलेट स्वतःच्या आवरणातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल नावाचं एक मेदाम्ल कापून काढते. कॉक्स-१ हे विकर (एन्झाइम) आणि त्याच्या पुढचं एक विकर मिळून त्याचं थ्रॉम्बोक्सेन ए२ करतात. हे रसायन अल्पायुषी असतं, साधारण अर्ध्या मिनिटात त्यातलं निम्मं नाहीसं होतं. पण तेवढ्या वेळात आजूबाजूच्या प्लेटलेटना हाक जाते आणि त्या जमा होतात. बोट कापल्यावर हेच आपल्याला वाचवतं. हृदयाच्या धमनीतली चरबीची गाठ फुटली, तर तिथे हेच गुठळी करतं. उलट बाजूने रक्तवाहिनीचं अस्तर प्रोस्टासायक्लिन सोडून प्लेटलेटना आवरत असतं. या रसायनांच्या शोधासाठी बर्गस्ट्रॉम, सॅम्युएलसन आणि व्हेन यांना १९८२ चं नोबेल मिळालं.

अ‍ॅस्पिरिन त्या कॉक्स-१ ला कायमचं कुलूप लावतं. प्लेटलेटला केंद्रक नाही, म्हणून तिला नवं विकर करता येत नाही. ती मरेपर्यंत कुलूप तसंच राहतं. रोज मात्र सुमारे १० टक्के प्लेटलेट नव्या येतात आणि त्या मोकळ्या असतात, म्हणून गोळी रोजची. एखादे दिवशी विसरून राहिली तर फार बिघडत नाही, मुद्दाम मात्र चुकवायची नाही. पण कापूस वेचणीच्या धांदलीत गोळ्या संपल्या आणि आठवडी बाजाराची वाट पाहत चार-पाच दिवस गेले, तर चाळीस-पन्नास टक्के प्लेटलेट नव्याकोऱ्या झालेल्या असतात. गुठळी व्हायला तेवढ्या पुरतात. घरात नेहमी १५ दिवसांच्या गोळ्या जास्तीच्या असू द्या. क्लोपिडोग्रेल वेगळं दार बंद करतं, प्लेटलेटना हाक देणाऱ्या एडीपी नावाच्या दुसऱ्या रसायनाचं. आहारातल्या मेदाचा या दाराशी फारसा संबंध येत नाही.

आता मेद कुठे येतो ते बघू. प्लेटलेटचं आवरणच मेदाचं असतं आणि त्या मेदाम्लांत अ‍ॅराकिडोनिक आम्लाचा वाटा पाचवा ते चौथा हिस्सा भरतो. मांस-अंड्यातून ते थेट मिळतं, शाकाहारी माणसाचं यकृत ते तेलातल्या लिनोलेइक आम्लापासून (हे ओमेगा-६ गटातलं) बनवतं. आवरणात त्याच जागेवर बसू शकणारं दुसरं मेदाम्ल म्हणजे ईपीए, ओमेगा-३ गटातलं, मासळीत असतं ते. ते बसलं की तेच विकर ए२ ऐवजी थ्रॉम्बोक्सेन ए३ बनवतं, आणि ए३ ची हाक फारच क्षीण. गंमत अशी, की अस्तर ईपीएपासून जे प्रोस्टासायक्लिन बनवतं ते मात्र नेहमीच्याइतकंच जोरकस असतं. म्हणजे तराजू ‘चिकटू नका’कडे थोडा झुकतो. १९७० च्या दशकात डेन्मार्कच्या बँग आणि डायरबर्ग यांनी ग्रीनलँडच्या इनुइट लोकांत हेच पाहिलं होतं, रक्तस्राव थांबायला त्यांना जास्त वेळ लागायचा. पण ती माणसं सील, व्हेल आणि समुद्री मासळीवर जगणारी होती. त्यांच्या पोटात रोज काही ग्रॅम तयार ईपीए आणि डीएचए (मासळीतलंच दुसरं ओमेगा-३ मेदाम्ल) जात होतं. भाकरीसोबतच्या चमचाभर चटणीची तुलना त्याच्याशी करता येत नाही.

कारण जवसात ईपीए नसतंच. त्यात असतं त्याच्या आधीच्या पायरीवरचं अल्फा-लिनोलेनिक आम्ल, त्याला एएलए म्हणू. शंभर ग्रॅम जवसात ते सुमारे २२ ते २३ ग्रॅम असतं, म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या कुठल्याही धान्या-गळिताच्या कितीतरी पुढे. पण शरीर त्यातलं ५ ते १० टक्केच ईपीएपर्यंत नेतं, डीएचएपर्यंत तर एक टक्काही जेमतेम. वडील रोज १५ ग्रॅम जवस खात असतील, तर एएलए झालं साधारण ३.४ ग्रॅम. पाच टक्क्यांनी धरलं तर ईपीए १७० मिलिग्रॅमच्या आसपास. हे वाईट नाही, पण गोळीशी बरोबरी करणारंही नाही. ऑस्ट्रेलियात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात जवस तेल देऊन प्लेटलेटमधलं ईपीए दुपटीहून वाढलं आणि चिकटण्याची तयारी कमी झाली हे खरं, पण तिथे तेल होतं दिवसाला ४० ग्रॅम. म्हणजे आठ-नऊ छोटे चमचे, रोज. त्या प्रयोगाचा हवाला देऊन कुणी चटणी सुचवत असेल तर हा आकडा त्याला विचारा.

परिणाम दिसायला वेळही लागतो. जुन्या प्लेटलेट जाऊन नव्या आवरणाच्या येईपर्यंत दोन-तीन आठवडे जातात, आणि खाणं थांबवलं की तसाच हळूहळू ओसरतो. आज रात्री खाल्लं आणि उद्या रक्त पातळ, असं काही नसतं.

तरीही मी जवस बंद करा म्हणणार नाही. पूर्व विदर्भात धानाच्या बांधीत उतेरा (उभ्या धानातच पेरलेलं पुढचं पीक) म्हणून लाखोळीसोबत ते पिकतच आलं आहे, स्वस्त आहे, घरचं आहे. फक्त खाण्याची पद्धत बरोबर हवी, आणि नेमकी तिथेच चूक होते. अख्खं जवस गिळलं तर टरफलासकट तसंच शौचावाटे बाहेर पडतं, एएलए मिळतच नाही. दळलेलं आणून महिनाभर पिशवीत ठेवलं तर हवेने त्याचं तेल खवटतं. म्हणून एका माणसासाठी आठ दिवसांना १२० ग्रॅम एवढंच करावं. निवडून, खडे काढून, लोखंडी कढईत मंद आचेवर हलवत भाजायचं. चार-पाच मिनिटांत दाणे तडतड उडायला लागतात. त्यानंतर अर्धा मिनिट, आणि लगेच ताटात ओतायचं. गरम कढईत राहू दिलं तर खालचे दाणे करपतात. भाजल्याने कच्च्या जवसातली सायनाइड सोडणारी द्रव्यंही कमी होतात, म्हणून कच्चं वाटून भरपूर खायचं खूळ नको. पूर्ण गार झाल्यावरच मिक्सरला फिरवायचं, तेही थांबून थांबून. गरम असताना फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो आणि तो लवकर खवट होतो. लसूण, जिरं, लाल मिरची आपल्या बेताने, मीठ मात्र १२० ग्रॅमला एक सपाट छोटा चमचा, त्याहून जास्त नको, रक्तदाब आहे. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, चुलीपासून लांब. जिभेवर कडवटपणा आला किंवा खिडकीच्या पुट्टीसारखा वास आला तर ढोरांनाही न घालता टाकून द्या.

रोज दोन सपाट मोठे चमचे, म्हणजे १५ ग्रॅमच्या आत, भरपूर पाण्यासोबत. जवसाचा चिकटा पोटात फुगतो, कमी पाण्यात बद्धकोष्ठ होतं. त्याच चिकट्यामुळे गोळ्या आणि जवस यांत तासभर अंतर ठेवा.

घाण्यावरचं जवस तेल मिळत असेल तर ते गार वरणावर किंवा ठेच्यावर एक छोटा चमचा घ्या. फोडणीला नको, ते फार लवकर धूर सोडतं. आणि रंगाच्या दुकानात अळशीचं (अळशी म्हणजे जवसच) म्हणून जे उकळलेलं तेल मिळतं ते कधीच पोटात जाऊ नये. त्यात रंग लवकर वाळावा म्हणून धातूंची द्रव्यं घातलेली असतात. नाव एकच असल्याने हा घोटाळा होऊ शकतो.

करडीच्या तेलाकडे वळू. नेहमीच्या वाणांच्या करडी तेलात सत्तर-पंच्याहत्तर टक्के लिनोलेइक आम्ल असतं आणि एएलए जवळपास नसतंच. सूर्यफूल आणि सरकी यांची गत थोडी सौम्य पण तीच. लिनोलेइक आणि एएलए दोघांनाही पुढे जायला एकच विकर लागतं, म्हणून एकाचा ढीग पडला की दुसऱ्याचं रूपांतर मागे पडतं. एकीकडे जवसाची चटणी आणि दुसरीकडे रोजची भाजी करडीच्या तेलात तरंगती, हे म्हणूनच एकमेकांना मारक. पण ‘ओमेगा-६ म्हणजे विष, त्यानेच गुठळ्या होतात’ हाही अतिरेकच. लिनोलेइक आम्ल जास्त खाल्लं म्हणून पेशींतलं अ‍ॅराकिडोनिक आम्ल त्या प्रमाणात वाढत नाही, शरीर ते आपल्या मर्यादेत ठेवतं. तेच तेल कोलेस्टेरॉल उतरवायला मदतही करतं. करडी वाईट नाही, एकटी करडी नको एवढंच.

माझ्या मते तुमच्या घराला परवडणारी आणि बरी जोडी म्हणजे निम्मं फल्लीतेल (शेंगदाण्याचं), निम्मं सोयाबीन. फल्लीतेलात ओलेइक आम्ल चाळीस टक्क्यांहून जास्त, ते प्लेटलेटच्या बाबतीत तरी निरुपद्रवी. सोयाबीन तेलात ६ ते ८ टक्के एएलए असतं, म्हणजे १५ ग्रॅम तेलात जवळजवळ एक ग्रॅम, न कळत मिळालेलं. प्रमाण माणशी दिवसाला २० ते २५ ग्रॅम. पाच माणसांचं घर, महिन्याचं ३ ते पावणेचार किलो, लिटरमध्ये सव्वातीन ते चार. तुमच्याकडे महिन्याला सात-आठ लिटर संपत असेल, तर कोणतं तेल हा प्रश्न दुय्यम आहे. सावजी रस्सा, तर्री, गोळाभातावरची फोडणी यांचं तेल यातच धरायचं.

वनस्पती तुपातले ट्रान्स मेद जानेवारी २०२२ पासून कायद्याने २ टक्क्यांच्या आत आले आहेत. पण चौकातल्या भजे-समोशांची कढई दिवसभर तेच तेल उकळते. त्या तेलात ध्रुवीय द्रव्यं (तेल पुन्हापुन्हा तापून बिघडल्याने तयार होणारी) २५ टक्क्यांवर गेली की ते वापरू नये असा नियम आहे, कढईपाशी उभं राहून ते मोजणार कोण? काळं, फेसाळ, चिकट तेल दिसलं की पुढे चला. संपृक्त मेद, म्हणजे पाम तेल, तूप, मटणाची चरबी, यांनी प्लेटलेटची चिकटण्याची तयारी वाढते असं फ्रान्सच्या सर्ज रेनो यांनी अनेक वर्षं मांडलं. त्यांच्या सहभागाने झालेल्या लिऑनच्या अभ्यासात, १९९४ च्या, हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या ६०५ जणांपैकी निम्म्यांना लोणी-सायीऐवजी एएलए असलेलं मार्गरीन, भाज्या, फळं, कडधान्यं असा आहार दिला. दोन्ही गटांत कोलेस्टेरॉल सारखंच राहिलं, तरी आहार बदललेल्या गटात पुढचे झटके खूप कमी झाले. त्या लोकांनी औषधं मात्र सोडलेली नव्हती, हे सांगणारे गाळतात.

मासोळी खात असाल तर उत्तम. रोहू, कतला ही तलावातली मासोळी चांगलीच, पण तिच्यात ईपीए-डीएचए कमी असतं, शंभर ग्रॅममध्ये साधारण ०.१ ते ०.३ ग्रॅम. बांगडा, तारली यांत ते एक ग्रॅमच्या वर जातं. नागपुरातून बर्फातला बांगडा मिळत असेल तर आठवड्यातून दोनदा, रस्सा करून. तळला की कढईतलं तेल आत शिरतं आणि हिशेब बिघडतो. मिठाचे सुके मासे रक्तदाबाच्या माणसाला नकोत.

मासळी तेलाच्या कॅप्सूलबद्दल थोडक्यात. डबीवर पुढे १००० मिलिग्रॅम लिहिलेलं असतं, ते तेलाचं वजन. मागे बारीक अक्षरात ईपीए १८० आणि डीएचए १२० असं असतं, म्हणजे कामाचं ३०० मिलिग्रॅमच. कॉड लिव्हरच्या पिवळ्या गोळ्या वेगळ्या, त्या मुख्यतः अ आणि ड जीवनसत्त्वाच्या. शुद्ध ईपीए दिवसाला ४ ग्रॅम देऊन २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीत हृदयविकाराच्या घटना २२ टक्क्यांवरून १७.२ टक्क्यांवर आल्या, पण २०२० मध्ये ईपीए-डीएचए मिश्रण दिलेल्या दुसऱ्या मोठ्या चाचणीत काहीच फायदा दिसला नाही. मोठ्या मात्रेने हृदयाची लय बिघडण्याचा, एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका थोडा वाढतो. म्हणून आपल्या मनाने घेऊ नका, आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली एक चरबी) फार वाढलेलं नसेल तर मी त्यावर पैसे घालायला सांगणार नाही.

आता पहिला प्रश्न, १.६ लाख. सामान्य मर्यादा १.५ ते ४.५ लाख, म्हणजे वडिलांचा आकडा ठीक आहे. चटणीएवढ्या जवसाने संख्या उतरत नाही. मेदाचा परिणाम होतो तो प्लेटलेटच्या वागण्यावर, आणि ते वागणं संख्येच्या रिपोर्टात दिसतच नाही. मग २.३ चे १.६ कसे? बहुतेक वेळा नमुन्यात. बोटातून किंवा हळू ठिबकत घेतलेलं रक्त, जांभळ्या टोपीच्या नळीत नीट न मिसळलेलं, मोटारसायकलवर हादरत तालुक्याला गेलेलं. प्लेटलेटचे पुंजके झाले की मशीन पुंजक्याला एक मोठी पेशी समजतं. काहींचं रक्त जांभळ्या नळीतल्या ईडीटीएमुळेच पुंजके करतं. अशा वेळी पॅथॉलॉजिस्टना स्मिअर (काचपट्टीवर पसरलेलं रक्त) सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगायचं, आणि पुंजके दिसले तर निळ्या टोपीच्या सायट्रेट नळीत परत मोजायचं. त्या नळीतल्या द्रवाने रक्त पातळ होतं (इथे हा शब्द खराच लागू), म्हणून आलेल्या आकड्याला १.१ ने गुणतात. १५ दिवसांनी तपासणी पुन्हा करा. एक लाखाच्या खाली आलं तर डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. पावसाळ्यात ताप असताना उतरलं तर आधी डेंगी शोधा, जवस नाही. दारूनेही प्लेटलेट उतरतात, तोही प्रश्न घरात मोकळेपणाने विचारा.

प्लेटलेटचं वागणं मोजणारी तपासणी असते, अ‍ॅग्रिगोमेट्री. ती मोठ्या रुग्णालयातच होते, नमुना चार तासांत लावावा लागतो, फ्रिजमध्ये ठेवलेला चालत नाही, आणि आदल्या जेवणात तेल जास्त असेल तर प्लाझ्मा (पेशी सोडून रक्ताचा उरलेला द्रव) दुधाळ होऊन वाचनच बिघडतं. जवसाचा परिणाम पाहायला तिच्यावर खर्च करू नका.

जवसापेक्षा खूप जास्त गोंधळ घालणारी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, ती म्हणजे अंगदुखीची गोळी. डवरणीहून आल्यावर आयब्युप्रोफेन असलेली गोळी घेतली, तर ती कॉक्स-१ च्या त्याच जागेवर तात्पुरती बसते. मागून आलेल्या इकोस्प्रिनला कुलूप लावायला जागाच मिळत नाही, आणि काही तासांनी आयब्युप्रोफेन उतरलं की प्लेटलेट मोकळी. गोळी रोज पोटात गेली, उपयोग शून्य. डायक्लोफिनॅकही हृदयरोग्याला नको. दुखलं तर पॅरासिटामॉल ५०० घ्यावी, यकृताचा आजार नसेल तर. बिडीनेही प्लेटलेट चेकाळतात. खर्ऱ्यात (तंबाखू-सुपारीच्या) धूर नसला तरी निकोटिन नाडी आणि रक्तदाब चढवतंच. तो चालू ठेवून चटणीचे चमचे मोजत बसण्यात अर्थ नाही.

दोन्ही गोळ्या चालू असताना ब्रश करताना थोडं रक्त येणं, अंगावर लहानसा निळा डाग पडणं चालतं. डांबरासारखी काळी, चिकट शौच झाली, लघवी लाल झाली, डोक्याला मार लागला किंवा नाकातलं रक्त १५ मिनिटं दाबूनही थांबलं नाही, तर जवस बंद करून दोन दिवस वाट पाहणं नको. थेट ग्रामीण रुग्णालय गाठा, गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, त्या चालू असतील तर तेही तिथे सांगा.